एक नाणं बाहेर आहे

मामांना फोन करायचा तर एक गोष्ट लक्षात ठेवावी लागायची. त्यांनी "बोल" म्हटलं की तुम्ही बोलायचं आणि ते गप्प. म्हणजे एकदम गप्प. मध्ये हं नाही, अच्छा नाही, खोकलासुद्धा नाही. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी कांदिवलीच्या बस स्टॉपवरून फोन लावला, उशीर होतोय सांगायला. समोरून काहीच आवाज येईना म्हणून मी हॅलो हॅलो करत तेच परत सांगितलं, वर आईच्या गुडघ्याचं सांगितलं, वर आमच्याकडे बसला किती गर्दी असते ते सांगितलं. शेवटी मीच थकले. मग तिकडून शांतपणे आवाज आला, "झालं? आता माझं नाणं टाकू?"

मी म्हटलं, टाका.

"ये सावकाश," म्हणाले आणि फोन ठेवला.

हे असं का, ते कळायला तुम्ही आमचा साकीनाक्याचा गाळा बघायला हवा होता. एका बाजूला लेथवाला, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याची खोकी बनवणारे, आणि मध्ये आमचं शटर. ते वर केलं की आत फक्त एक वस्तू. ज्यूकबॉक्स. खराखुरा, यार. छातीएवढा उंच, वर काचेचा घुमट, कडेने लाल-हिरवे दिवे, आत छोट्या तबकड्या उभ्या रचलेल्या. नाणं टाकायचं, एक अक्षर आणि एक आकडा दाबायचा, की आतला हात सरकत सरकत जाणार, बरोबर तीच तबकडी उचलणार, आडवी ठेवणार, आणि मग ती पहिली खरखर. मी इंटरव्ह्यूला आले होते आणि खरखर ऐकूनच हो म्हटलं. पगार नंतर विचारला. आईने त्यावरून पुढे सहा महिने मला ऐकवलं.

धंदा म्हणजे, वाढदिवस, ऑफिसच्या पार्ट्या, साखरपुडे, हळदी, अशा ठिकाणी आम्ही ज्यूकबॉक्स भाड्याने द्यायचो. माझं काम बुकिंग घेणं, इन्स्टाग्राम सांभाळणं आणि टेम्पोत पुढे बसून जाणं. स्टाफ म्हणजे मी. मालक म्हणजे मामा, नात्याने नाही, सगळेच त्यांना मामा म्हणायचे. मामा ज्यूकबॉक्सला पेटी म्हणायचे आणि तिच्याबद्दल बोलताना आवाज थोडा खाली आणायचे, जसं घरात कुणी झोपलंय.

या पेटीत फक्त चाराण्याचं नाणं चालायचं. तेच, जे आता बंद झालंय, जे भिकारीसुद्धा परत करायचे. मामांकडे त्याचे डालडाचे डबे भरून होते. पूर्ण साकीनाक्यात त्यांना चाराणे मामा म्हणायचे आणि त्यांना त्याचा काय अभिमान. कुणीतरी एकदा भांडणात त्यांना चवन्नी छाप म्हटलं, तर मामा म्हणाले, "बरोबर, तीच छाप पाहिजे. रुपया टाकलास तर पेटी ओळखत पण नाही."

पेटी मूळची अंधेरीच्या एका इराण्याकडची. मामांचे वडील मिलमध्ये, घर घाटकोपरला, माणसं मालवणची. तरुणपणी मामांना शनिवारी खर्चायला जे मिळायचं त्यात एक चहा आणि एक गाणं बसायचं. एकच. त्यामुळे त्या गाण्याच्या मध्ये कुणी बोललं की मामांचं डोकं फिरायचं. इराण्याच्या हॉटेलात नियमच होता म्हणे, ज्याचं नाणं पडलं त्याचं गाणं पूर्ण वाजणार. मग आवडो, न आवडो, समोर कुणी पण येऊन बसो. पुढे टेप आले, पेटी मागे पडली, तिच्यावर अंड्यांचे ट्रे ठेवायला लागले. मामा तेव्हा एका कारखान्यात फिटर होते. त्यांनी इराण्याचा फ्रीज दुरुस्त केला आणि मजुरी म्हणून ट्रेखालची वस्तू मागितली. इराण्याला वाटलं, मस्करी करतोय. मामा हातगाडी घेऊनच आले होते.

हॉटेल गेलं, पण नियम मामांनी घरी आणला. आयुष्यभर. कुणी बोलायला लागलं की त्याचं नाणं पडलंय, पूर्ण वाजू दे. आमच्या गाळ्यावर कर्जवाल्या कंपन्यांचे फोन यायचे ना, ती मुलगी भराभर वाचायला लागली की मामा डोळे मिटून ऐकायचे. शेवटपर्यंत. मग "छान बोललीस बाळा, पण नको." एकदा एक मुलगी फोनवर रडलीच, म्हणाली सर, आज पहिल्यांदा मी पूर्ण स्क्रिप्ट बोलले. मग ती दर महिन्याला फोन करायला लागली. कर्ज नाही, असंच.

आणि कोड! हे मला सगळ्यात भारी वाटायचं. मामा गाण्यांची नावं घेतच नाहीत. फक्त बटणं. बी-सात म्हणजे नाचायचं. डी-चार म्हणजे गावाची आठवण. सी-नऊ म्हणजे प्रेमात वाट लागलीये. आणि हे गाण्यांपुरतं नाही, माणसांना पण तेच. लेथवाला सकाळी तोंड पाडून आला की मामा मला हळूच म्हणायचे, "आज डी-चार आहे, चहा पाठव." माझं ब्रेकअप झालं तेव्हा मी काहीच बोलले नव्हते, मस्त लिपस्टिक वगैरे लावून आले होते. मामांनी एकदा बघितलं, चाराणे टाकले, सी-नऊ लावलं, आणि स्वतः बाहेर जाऊन उभे राहिले. गाणं संपल्यावर आत आले, परत चाराणे, बी-सात. म्हणाले, "पहिलं पूर्ण ऐकल्याशिवाय दुसरं लागत नाही गो बाय." एवढंच. मी आजपर्यंत ज्यांच्याशी यावर बोलले त्या सगळ्यांपेक्षा हे बरं होतं.

के ची अख्खी ओळ मात्र वेगळी. तिथे मामांनी फक्त अशी गाणी लावली होती ज्यांत पैसे आहेत. नोटा नाही हां, नाणी. बांगड्या घेणारी, मेळ्याला जाणारी, नाणं उडवून नवरा ठरवणारी, सगळ्या बायका तिथे. हिंदी, मराठी, कोळीगीतं, लावण्या. मामांची थिअरी होती की गाण्यात महागाई नसते. बाहेर कांदा कितीही वर जाऊ दे, गाण्यातली बाई अजून चाराणे, आठाणे, फार तर बंदा रुपया मागते, आणि तेवढ्यात तिचं भागतं. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते हे समजवायचे. आणि शेवट ठरलेला असायचा, "क्यूआर कोडवर कुणी लाजलंय का सांग. लाजायला काहीतरी हातात लागतं."

बोलण्याचं पण तसंच. मामा म्हणायचे, अजून लोक खोटं नाणं म्हणतात, सोळा आणे खरं म्हणतात, आवाज खणखणीत म्हणतात. खिशात कुणाच्याच काही नाही, पण जिभेवर सगळी चिल्लर शाबूत आहे. आणि कुणाला चिल्लर माणूस म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. मी एका कस्टमरला म्हटलं होतं, तो गेल्यावर. मामांनी मला त्या दिवशी सगळी नाणी चिंचेने घासायला लावली. पूर्ण दुपार. हाताला वास दोन दिवस.

पण मी मार्केटिंग शिकलेली मुलगी ना, मला राहवेना. मी पेटीवर क्यूआर कोड चिकटवला. म्हटलं, लोकांकडे नाणं नसतं, स्कॅन करतील. मुलुंडला एका बारशाला गेलो, लोक धडाधड स्कॅन करायला लागले, मामांचा फोन ओरडायला लागला, पैसे मिळाले, पैसे मिळाले. पण पेटीला काय कळणार? तिला नाणं पाहिजे. मग मामा डबा घेऊन शेजारी उभे, फोन ओरडला की एक चाराणे टाकायचे. संध्याकाळभर. टेम्पोत बसल्यावर घाम पुसत म्हणाले, "बाय, तू मशीन नाही बदललीस. तू मलाच मशीन केलंस." दुसऱ्या दिवशी मी नखाने खरवडून स्टिकर काढला. थोडा अजून आहे तिथे.

आता दादाचं सांगते. दादा म्हणजे मामांचा मुलगा, अंधेरीला कॉम्प्युटरमध्ये, एकदम सरळ माणूस. त्याचं म्हणणं साधं होतं. गाळ्याचं भाडं वाढतंय, बुकिंग कमी होतंय, पप्पांची पाठ दुखते, आणि हे सगळं पप्पांच्या पेन्शनमधून चाललंय. त्याने एक गिऱ्हाईक पण शोधलं होतं, लोखंडवालाच्या बाजूला कॅफे काढणारा मुलगा. त्याला पेटी दर्शनी भागात ठेवायची होती, जुना लुक. फक्त आतलं सगळं काढून तो ब्लूटूथ स्पीकर टाकणार होता. बटणं दाबायची, पण गाणं फोनवरून.

मामांनी त्याचं पण पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आतलं काढून मग काय देतोयस, कपाट?"

दादा म्हणाला, "निदान लोकांना दिसेल तरी. इथे धूळ खातेय. तुमची पिन एकाच जागी अडकलीये पप्पा."

घासाघीस होऊन असं ठरलं की हा हळदीचा सीझन बघायचा. बुकिंग लागली तर पेटी राहील. नाही लागली तर सीझन संपल्यावर मामा स्वतः पेटी देतील. मामांनी शब्द दिला. आणि मामांचा शब्द म्हणजे, त्यांच्याच भाषेत, पडलेलं नाणं. ते परत येत नाही.

म्हणून मी जीव तोडून एक मोठी ऑर्डर मिळवली. अंधेरीच्या पलीकडे समुद्राकडच्या कोळीवाड्यात हळद. कोळीवाड्यातली हळद म्हणजे तुम्हाला माहितीये, नवरीपेक्षा नाच मोठा. तिथे एकदा नाव झालं की पूर्ण वाड्यातली बुकिंग आपलीच. मी आयडिया पण झकास काढली होती. मांडवात शिरताना प्रत्येकाला विड्याच्या पानात एक चाराणे द्यायचे. एक माणूस, एक नाणं, एक गाणं. फरमाईश ओरडून नाही, टाकून. मामा इतके खूश झाले की त्यांनी नाणी स्वतः घासली.

पेटी मांडवात लागली, दिवे लागले, पोरांनी फोटो काढले. मामांनी माईक घेऊन सगळं समजावून सांगितलं, पण मामा समजावतात म्हणजे इराण्यापासून सुरू करतात. कुणी ऐकलं नाही. नवरीच्या चुलतभावांनी तोवर आपला प्लॅन केला होता. बी-सात सगळ्यांचं आवडतं. सगळ्यांनी आपापलं नाणं बी-सातवर टाकायचं, म्हणजे बी-सात नॉनस्टॉप वाजत राहील. रांग लावली हो! चुलते, मावश्या, पोरं, भटजी पण. खण, खण, खण. बी-सात, बी-सात, बी-सात.

मी मागे वळून मामांकडे बघितलं तर मामांचा चेहरा पांढरा. त्यांचा हात अर्धा वर आलेला आणि तिथेच थांबलेला.

मग नाणी पडायची थांबली, आतला हात हलला आणि बी-सात वाजलं. मांडव हलला. काय नाच, काय नाच. आणि गाणं संपलं, आतल्या हाताने तबकडी जागेवर ठेवली, आणि पेटी शांत.

पुढे काही नाही.

तेव्हा मला कळलं, आणि आधी मला खरंच माहीत नव्हतं, कारण छोट्या पार्टीत असं कधी कुणी केलंच नव्हतं. पेटीला आकडे मोजता येत नाहीत. बी-सात पाहिजे, एवढंच तिला कळतं. एकाने दाबलं काय, पूर्ण वाड्याने दाबलं काय, तबकडी एकदाच लागणार. आणि नाणी सगळी पोटात.

नवरीचा काका म्हणाला, "लाव ना परत."

मामा म्हणाले, "नाणं टाका."

"सगली खाल्ली ना तुझ्या मशीनने."

किल्ली गाळ्यात. हा पण मामांचाच नियम, पेटीचं पोट बाहेर उघडायचं नाही, कारण पूर्वी एका लग्नात एकाने तेच नाणं काढून काढून रात्रभर एकच गाणं लावलं होतं. आणि जास्तीचे डबे आणलेच नव्हते, कारण माणशी एकच नाणं द्यायचं ना, मग डबे कशाला. मी मामांना खेचून बाजूला नेलं आणि विचारलं, तुम्हाला दिसत होतं ना सगळं, मग थांबवलं का नाही?

मामा म्हणाले, "नाणं पडत होतं बाय. मध्ये कसा बोलू?"

मी डोक्याला हात लावून पाटावर बसले, आणि तो पाट नेमका नवरीचा होता, म्हणून तिथून पण उठवलं.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, बयकडे आहे. बय म्हणजे नवरीची आजी. आयुष्य मासळी बाजारात गेलेलं, अजून सकाळी पाटी घेऊन बसते. तिने आपलं नाणं टाकलंच नव्हतं. पदराच्या गाठीत बांधून खुर्चीवर बसली होती. सगळा मांडव तिच्याभोवती. बय टाक ना, बय बी-सात लाव ना. नवरी स्वतः आली, गालाला हळद तशीच. बय हसली, तिच्या गालाची हळद सारखी केली, आणि म्हणाली, "माजा नाना हाय. मना वाटंल तवा लावीन."

आणि नाही लावलं. मग पोरांनी शेजारच्या गल्लीतून डीजे आणला. मी आणि मामा पेटीच्या दोन बाजूंना दोन रखवालदारांसारखे बसून राहिलो, कारण आमचा टेम्पो डीजेच्या टेम्पोच्या मागे अडकला होता. कोळीवाड्यातलं पुढचं बुकिंग अर्थात आलं नाही. सीझन संपला. दादा गाळ्यावर आला, ओरडला वगैरे नाही, उलट वडापाव घेऊन आला. म्हणाला, पप्पा, रविवारी कॅफेवाला टेम्पो पाठवतोय.

मामांनी वडापाव संपवला. हात पुसले. मग म्हणाले, "एक नाणं बाहेर आहे."

दादाला कळेना. मला कळलं आणि मी पटकन लॅपटॉपमध्ये तोंड घातलं, कारण मला हसू येत होतं. मामांनी समजावलं. त्या बाईंच्या हातात आपलं नाणं आहे. म्हणजे तिचं एक गाणं पेटीत आहे. ते वाजल्याशिवाय आतलं काढणं म्हणजे तिचं नाणं खाणं. बाकीच्यांची नाणी पडली, त्यांचं गाणं वाजलं, विषय संपला. हिचं नाही. "मी शब्द दिलाय आणि मी देतो पेटी. तिचं एकदा वाजू दे."

मला आजपर्यंत माहीत नाही की हा माणूस इतका भोळा आहे की इतका बनेल. मी खूप वेळा त्यांच्या तोंडाकडे बघितलंय. तिथून काही कळत नाही.

दादा म्हणाला, ठीक आहे, मी जाऊन सांगतो त्यांना. गेला. संध्याकाळी परत आला तर हातात सुक्या बोंबलांची एवढी मोठी पिशवी. बयने त्याला बसवलं, जेवू घातलं, बोंबील विकले, आणि सांगितलं की आज मूड नाही. पुढच्या आठवड्यात मामा गेले. ते सुरमई घेऊन आले. मग मामा दर शुक्रवारी जायला लागले. मामींनी फोन करून मला विचारलं, हल्ली घरात इतके मासे का येतायत, ह्यांचं काही चाललंय का? मी म्हटलं, मामी, नाण्याचं आहे. मामी म्हणाल्या, "मेल्याचा नाणाच एक दिवस माका घराबाहेर काढतला."

शेवटी दादानेच डोकं चालवलं. ती येत नाही तर पेटी तिच्या दारात नेऊ. रविवारी कॅफेवाल्याचा टेम्पो आला, पेटी चढवली, आणि ठरलं की आधी कोळीवाडा, बयचं गाणं, मग तिथून सरळ कॅफे. मामा पुढे बसले नाहीत. मागे पेटीला धरून उभे राहिले. सिग्नलला लोक बघत होते, कुणीतरी विचारलं, विसर्जन आहे का? मामांनी पेटी अजून घट्ट धरली आणि मला पहिल्यांदा जरा कसंतरी झालं.

दारात टेम्पो लावला, खिडकीतून वायर घेतली, दिवे लागले. गल्ली जमा झाली, त्यातले अर्धे हळदीतलेच, ते लांबूनच म्हणत होते, बी-सात नको हां. बय बाहेर आली. हात पुसले, गाठ सोडली, नाणं काढलं. मग मला म्हणाली, "मना वाचाला येत नाय. वाच गो पोरी, काय काय हाय."

मी वाचायला लागले. ए-एक पासून. बय प्रत्येकाला मान हलवून नाही म्हणायची. गल्लीतल्या बायका मध्येच दोन ओळी गुणगुणायच्या. बी गेलं, सी गेलं, दादा घड्याळ बघतोय, मामा पेटीच्या मागे, मला फक्त त्यांचे पाय दिसतायत. शेवटी के. के-एक, के-दोन. मी शेवटची पट्टी वाचली. बयने नाणं परत मुठीत घेतलं.

"यान माजा गाना नाय."

दादा म्हणाला, मग कुठलं आहे आजी तुमचं गाणं?

बय सांगायला लागली. लग्नाच्या आधी ऐकलेलं, बाजारात कुणाच्या तरी रेडिओवर. मासळी विकणारी पोरगी असते, तिच्याकडे एक गिऱ्हाईक येतं, मावरा घेतं, आणि चार आणे कमी देतं. पोरगी म्हणते, असू दे तुझ्याजवळ ते चार आणे, त्याच्या निमित्ताने...

"कुठलं गाणं?" मामा बोलले.

मी आणि दादाने एकमेकांकडे बघितलं. मामांनी मध्ये तोंड घातलं होतं. बय बोलत असताना. दादा मला नंतर म्हणाला, माझ्या जन्मात पहिल्यांदा.

मामा पेटीच्या मागून बाहेर आले होते. चाराण्याचं गाणं, आणि के मध्ये नाही. त्यांचा चेहरा म्हणजे, कसं सांगू, कुणीतरी त्यांना सांगितलंय की तुमच्या घरात अजून एक खोली आहे. त्यांनी बयला परत सुरुवातीपासून सांगायला लावलं. चाल म्हणायला लावली. बयने म्हटली, दोनच ओळी, आवाज फाटलेला पण एकदम तालात. मामा डोळे मिटून ऐकत होते. मग दादाकडे वळले आणि म्हणाले, "तबकडी शोधूक व्हयी. तोपर्यंत पेटी कशी देऊ? हिचं नाणं बाहेर आहे."

"मना काय घाय नाय," बय म्हणाली आणि गाठ परत मारली.

दादाने कॅफेवाल्याला फोन लावला. लांब जाऊन काहीतरी बोलला. मग येऊन म्हणाला, टेम्पो वळवा, साकीनाका.

त्यानंतर मामांचे शुक्रवार एकदम बिझी. सकाळी बयकडे मासे, मग चोरबाजार. जुन्या तबकड्यांच्या ढिगात मांडी घालून बसायचे, प्रत्येक तबकडी उन्हात धरायचे. संध्याकाळी धुळीने माखून गाळ्यावर यायचे आणि मला सांगायचे, आज कुठे कुठे बघितलं, कोण काय म्हणालं. बयने चालीतला अजून एक तुकडा आठवून सांगितला की तो मला म्हणून दाखवायचे. पाठ दुखते हे मी त्या दिवसांत त्यांच्या तोंडून एकदा पण ऐकलं नाही. दादाने पण ऐकलं नसणार, कारण तो पण शुक्रवारी ऑफिसवरून इकडेच यायला लागला, म्हणे सहज.

आता मी काय, मला बोटं स्वस्थ ठेवता येत नाहीत. एका दुपारी बयच्या ओळी जशा आठवल्या तशा मी फोनवर टाइप केल्या, दोन-चार शब्द बदलून बघितले. मिळाली. खरंच मिळाली! एक माणूस घरातल्या जुन्या तबकड्या विकत होता, फोटोसकट. छोटी तबकडी, लेबल जरा फाटलेलं, गाणं तेच. चहा पण थंड झाला नव्हता तेवढ्यात. मी एवढी उडाले की खोकीवाल्यांकडून कुणीतरी डोकावून गेलं. लगेच दादाला स्क्रीनशॉट पाठवला.

दोन निळ्या खुणा. मग टायपिंग. मग बंद. मग परत टायपिंग. मग आलं, "पप्पांना दाखवलंस?"

मी लिहिलं, नाही अजून.

"नको दाखवू."

आणि थोड्या वेळाने, "गाळ्याचं भाडं मी बघतो."

पण मला बयचं वाटलं. तिचं गाणं, तिचं नाणं, आणि आपण दाबून ठेवायचं? म्हणून दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेले आणि तिच्या पाटीसमोर बसून फोन दाखवला, म्हटलं तुमचं गाणं मिळालं. तिने फोटो लांब धरून बघितला. मग फोन मला परत दिला आणि एका गिऱ्हाईकाला पापलेट उलटं करून दाखवलं. "त्याला नको सांगू," ती म्हणाली. "दर शुक्रवारला येतो. घासाघीस नाय करीत बिचारा."

मग मी ती तबकडी मागवली. ती माझ्या घरी आहे, कपाटात, ओढणीत गुंडाळून. कधीतरी पाहिजे होईल.

परवाच्या शुक्रवारी मामा आले. शर्टावर धूळ, कपाळावर धूळ, हातात मांदेलीची पिशवी. खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि सुरू झाले. एका बोळात एक नवीन माणूस भेटलाय, त्याच्याकडे कोळीगीतांचा अख्खा पेटारा आहे, पण तो पेटारा त्याच्या भावाकडे आहे, भाऊ ट्रॉम्बेला राहतो, पुढच्या आठवड्यात तिकडे जायचं, तिथे नाही मिळाली तर अजून एक जण आहे. दादा शटरला टेकून उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं. मी लॅपटॉप बंद केला, हात मांडीवर ठेवले आणि ऐकत बसले.

मध्ये काही बोलले नाही. त्यांचं नाणं पडलं होतं.